ओपन स्पेसचा बगीचा: अंतिम आणेवारी

आमच्या लेआउटमधल्या (म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीतल्या) मोकळ्या जागेचा एका एजन्सीनं बगीचा करून दिला. त्याला पाचपैकी किती तारे, असं विचारतात. मला ताऱ्यांत मोजता येत नाही. चौतीस वर्षं भूकरमापकाची नोकरी केली, त्यातली पहिली अकरा अमरावती जिल्ह्यात. तिथं हाडात बसलेलं माप म्हणजे शंकू साखळी. ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब नि एक साखळी रुंद झाली की गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि त्या गुंठ्याचेही पुन्हा आणे सोळाच. (नागपूरकडच्या जुन्या कागदांत एकर-डिसमिल, डिसमिल म्हणजे एकराचा शंभरावा भाग. बदली होऊन इकडे आलो तेव्हा वर्षभर झोपेतही गुणाकार चालायचे.) गावच्या पिकाचा अंदाजही पूर्वी सोळा आण्यांवरच काढत. आता त्याला पैसेवारी म्हणतात आणि पन्नास पैशांच्या खाली गेली की टंचाई धरतात. पण म्हातारे शेतकरी अजून आणेवारीच म्हणतात, मीही तेच म्हणतो.

आणेवारी एका फेरीत ठरत नसते. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. आमच्या लेआउटमधल्या बगिच्याबद्दल मी तीन पावसाळे गप्प बसलो ते म्हणूनच. उद्घाटनाच्या आठवड्यात ज्यांनी मोबाइलवरून पाच-पाच तारे देऊन टाकले, त्यांनी नजरअंदाजालाच अंतिम समजलं.

सेवा अशी आहे. लेआउटमधली पडीक मोकळी जागा दाखवा, पैसे भरा, बगीचा तयार करून मिळेल. साफसफाई, कंपाउंड, ट्रॅक, लॉन, झाडं, दिवे, वर एक वर्षाची देखभाल. नागपुरात अशी कामं घेणारे आता बरेच झालेत. त्यांत नर्सरीवाले आहेत, बांधकामवाले आहेत, घरं सजवणारेही आहेत. आमच्या एजन्सीचं नाव लिहीत नाही. एक तर भांडण मिटलंय. दुसरं म्हणजे त्यानंतर ओळखीच्या तीन लेआउटवाल्यांनी आपापली कोटेशनं मला आणून दाखवली, तर तिन्ही वेगवेगळ्या एजन्सींची आणि तिन्हींत आमच्याच चुका, आमच्याच क्रमानं. तेव्हा नावाचा फारसा उपयोग नाही, कोटेशन कसं वाचायचं त्याचा आहे.

आमचा लेआउट मानेवाडा-बेसा भागात, रिंग रोडच्या पलीकडे. ५८ प्लॉट. नियम असा की ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठा लेआउट पाडला की त्यातली १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. आमच्या मंजूर नकाशावर ती ११ गुंठे आहे. हिरवा रंग, मधोमध सुबक अक्षरांत 'ओपन स्पेस'. प्रत्यक्षात तिथं पंचवीस वर्षं काय होतं विचाराल तर, नवीन घर बांधणाऱ्या प्रत्येकाचा मलबा, बेशरमाची झुडपं, कंबरभर गाजर गवत, डुकरांचा एक कायमचा कळप आणि एका टिप्परवाल्याचं मुक्कामाचं ठिकाण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिकडे नागपूरच्या महाल भागात मारबतीचा पुतळा मिरवत लोक 'इडापिडा घेऊन जा गे मारबत' ओरडतात. आमच्याकडची सगळी इडापिडा वर्षभर याच प्लॉटवर येऊन पडायची आणि कोणी घेऊन जात नव्हतं.

लोक एकत्र आले ते शेजारच्या गल्लीत एका मुलाला डेंग्यू झाला तेव्हा. घरटी ४,००० रुपये वर्गणी ठरली. ५८ पैकी ४९ घरांनी दिली, म्हणजे १,९६,०००. गणेशोत्सवाच्या फंडातून ४०,०००. प्लॉट ३१ वाल्यांनी वडिलांच्या नावाचं बाक बसवायचं या अटीवर ५०,००० दिले. एकूण २,८६,०००. आणि काय योगायोग, एजन्सीचं कोटेशन आलं २,८५,००० चं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये त्यांचा कोणीतरी असावा असा माझा तेव्हापासूनचा संशय आहे.

कोटेशनसोबत त्यांनी रंगीत चित्रं पाठवली. त्यात गोरीगोमटी माणसं कुत्रं घेऊन फिरत होती आणि कुठंही सावली नव्हती. मीटिंगमध्ये अर्ध्या लोकांना 'जपानी गार्डनसारखं' पाहिजे होतं, उरलेल्यांना अंबाझरीसारखं. अंबाझरीला शेजारी अख्खा तलाव आहे, आपल्याकडे एक नळही नाही, हे कोणी बोललं नाही. मीही नाही. त्या दिवशी मी माझ्याच तोऱ्यात होतो, कारण जागेची मोजणी माझ्याकडे दिली होती.

मोजणी मी चोख केली. चारही कोपऱ्यांचे जुने दगड शोधले, दोन्ही कर्ण घेतले. नकाशावर ११ गुंठे, जागेवर भरली १० गुंठे ६ आणे. दहा आणे, म्हणजे सुमारे ६८० चौरस फूट, प्लॉट १७ च्या गाडी चढवायच्या रॅम्पखाली, ओट्याखाली आणि शेडखाली गेले होते. हे मी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं तेव्हा प्लॉट १७ वाले पाणी प्यायला उठले ते परत आलेच नाहीत. हद्द मी बरोबर काढली, याबद्दल आजही माझी छाती फुगते. पण पूर्वेचा कोपरा बाकीच्या जागेपेक्षा पावणेदोन फूट खाली आहे, हे माझ्या कागदावर कुठंच आलं नाही. मोजणीच्या नकाशात हद्द असते, उतार नसतो. आणि पश्चिमेच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी एक पायवाट होती, मलब्याच्या ढिगांमधून वाट काढत बसथांब्याकडे जाणारी. तीही माझ्या कागदावर नाही. मी टेप धरून उभा होतो तेव्हा मागच्या वस्तीतल्या घरकाम करणाऱ्या तीन बाया माझ्याच टेपवरून उडी मारून गेल्या. मी त्यांना 'सांभाळून' म्हणालो आणि आकडा लिहून घेतला.

आता एजन्सीचं काम.

साफसफाईला सोळापैकी सोळा आणे. आधी हेच सांगतो, कारण शिव्या देताना माणूस हे विसरतो. ३४ टिप्पर मलबा निघाला. कोटेशनमध्ये त्यांनी वीसच धरले होते, तरी वरच्या चौदांचे पैसे मागितले नाहीत. जेसीबीवाला पोरगा भलता कसबी होता. कडेला आपोआप उगवलेला एक कडुनिंब होता, तेव्हा दहा-बारा फुटांचा. कोटेशनमध्ये तो 'अडथळा' या सदरात होता आणि तोडायचे ८०० रुपये लावले होते. मी म्हटलं, शहरात झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानं परवानगी लागते, ती तुम्ही आणता का? सुपरवायझर म्हणाला, "काका, एका झाडासाठी कोण कागद करत बसते?" म्हटलं, मग राहू द्या. असा तो कडुनिंब परवानगीच्या कंटाळ्यावर वाचला. आज दुपारी बगिच्यात जी काही सावली आहे, त्यातली बारा आणे त्याच्या एकट्याची.

मग झाडं आली आणि तिथून घसरण सुरू झाली. बारा बॉटल पाम, ९०० रुपयांना एक. कंपाउंडच्या कडेनं रांगेत कोनोकार्पस, कारण ते झपाट्यानं हिरवं दिसतं. (गुजरात सरकारनं त्याच वर्षी, २०२३ ला, पुढं सप्टेंबरात कोनोकार्पस लावायला बंदी घातली. आम्ही ते आपल्या पैशानं विकत घेऊन लावत होतो.) बॉटल पामला सावली म्हणावी तर मांजर बसेल एवढी. नागपुरात मे महिन्यात उभं राहायचं तर डोक्यावर पान पाहिजे, हे चित्र काढणाऱ्याला कोण सांगणार?

लॉन लावली एप्रिलमध्ये. २,१०० चौरस फूट, २२ रुपये फुटानं, ४६,२०० रुपये. एजन्सीनं आणलेला एक माळी होता, भंडाऱ्याकडचा, साठीला आलेला. लॉनच्या चकत्या अंथरता अंथरता तो हळूच मला म्हणाला, "साहेब, एप्रिलमधी लॉन कोणी लावते का जी? पैसे तं पाण्यात जाईनच, वरून पाणीबी पुरणार नाही. पाऊस पडू द्या, मंग लावा." मी सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला उद्घाटन १ मेला आहे ना काका. होतंच. पत्रिका छापून झाल्या होत्या.

२०२३ चा एप्रिल आठवतो का? अवकाळी पावसानं विदर्भाला झोडपलं होतं. शेतकऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणि आमची लॉन हिरवीगार. १ मेला फीत कापली, कारंजं सुरू झालं, पोरं नाचली, चहा-आलूबोंडा झाला. नजरअंदाज आणेवारी चौदा आणे. मी स्वतः तेवढे दिले असते.

मे संपता संपता लॉन तांबूस पडली, जूनमध्ये तिचा पापड झाला. भाची कृषीला शिकते, तिनं पाठकोऱ्या कागदावर मला हिशेब मांडून दिला. २,१०० चौरस फूट म्हणजे १९५ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. भर उन्हाळ्यात लॉनला रोज ७ मिलिमीटर धरलं तरी १,३६५ लिटर. रोज. आणि कोटेशनच्या चार पानांत कारंज्याला ३८,००० होते, गेटला ४६,००० होते, गेटवरच्या पितळी अक्षरांनाही होते, पण 'नळ', 'टाकी', 'पाइप', 'बोअर' यांपैकी एक शब्द नव्हता. मी ते चारदा वाचलं होतं. सरकारी माणूस कागदावर जे आहे ते तपासतो, जे नाही ते त्याला दिसत नाही. प्लॉट ८ वाल्यांनी आपल्या घरून पाइप दिला म्हणून निदान झाडं जगली.

पाऊस त्या वर्षी उशिरा आला, जूनच्या शेवटच्या आठवड्यात. आला तसा ट्रॅकचा निकाल लागला. ट्रॅकला त्यांनी पेव्हर ब्लॉक बसवले होते, खाली दोन-अडीच इंच चुरी, आणि चुरीखाली थेट आपली काळी माती. ज्यांचं घर काळ्या मातीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ही माती उन्हाळ्यात आकसते, भेगेत बोट काय हात जातो, आणि पाणी प्यायली की फुगते. तिच्यावर काही बसवायचं तर आधी ती थोडी काढायची, खाली मुरूम भरायचा, पाणी मारून दाबायचा, मग पुढचं. आमच्या घरांचे पाये असेच भरलेत. मातीचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आपल्या अमरावती रोडवर आहे, पण एवढ्यासाठी तिच्यापर्यंतही जायला नको होतं, कोणत्याही गवंड्यानं सांगितलं असतं. ऑगस्टपर्यंत ब्लॉक असे वर-खाली झाले की प्लॉट ४२ च्या काकू सकाळी फिरताना पाय मुरगळून पडल्या. त्यानंतर तीन महिने त्या रस्त्यावरच फिरल्या आणि बगिच्याकडे बघून मान फिरवायच्या.

पूर्वेच्या कोपऱ्यात पाणी साचलं. पावणेदोन फूट. तिथंच कारंजं. त्यामुळे पाऊस पडला की कारंज्याचा हौद आणि बाहेरचं तळं एकच व्हायचं. पाऊस थांबला की हौदात डास. डेंग्यूला घाबरून बगीचा केला आणि डासांना आम्ही टाइल्स लावलेलं घर बांधून दिलं.

खरी परीक्षा २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झाली. अंबाझरी भरून वाहिला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत घरंच्या घरं पाण्यात गेली, ती रात्र नागपूर विसरणार नाही. आमच्याकडे तेवढं नुकसान नाही, पण काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस. आपल्या १० गुंठे ६ आण्यांवर पडलेलं पाणी मोजलं तर एक लाख लिटरच्या वर जातं. सकाळी मी छत्री घेऊन गेलो तर सगळं पाणी उताराच्या कोपऱ्यात जमलेलं, आणि कंपाउंडची भिंत ते बाहेर जाऊ देत नव्हती. आधी मोकळं मैदान होतं तेव्हा पाणी नालीत निघून जायचं. आम्ही पैसे देऊन त्याला अडवलं होतं. माळी तिथंच होता. त्यानं सब्बल घेतली, भिंतीच्या पायाशी दोन विटा काढल्या आणि पाणी खळखळ निघालं. म्हणाला, "जागा पाणीच सांगते साहेब. आपण पहिल्या पावसात यायचं, पाहायचं, मंग आखायचं." साहेब गप्प. चौतीस वर्षं जमीन मोजलेला.

देखभालीचं वर्ष म्हणाल तर एजन्सीचा पोरगा चार महिने आला, मग कधी मधी, मग "हो काका, पाठवतो." हमीप्रमाणे वाळलेल्या पाच पामच्या जागी त्यांनी नवीन झाडं दिली, हे खरं. नवीन पाम. सुधारित आणेवारी साडेचार आणे, आणि त्यातले बहुतेक साफसफाईचे.

इथं एजन्सीचा रिव्ह्यू संपला असता. पण बगीचा संपला नाही, आणि तो आज बरा आहे. का बरा आहे ते सांगतो.

एजन्सीनं सोडल्यावर माळ्याला आम्हीच ठेवलं. महिना ३,५००, रोज दोन तास. ४९ घरांचे ७५ रुपये म्हणजे ३,६७५, वरच्या १७५ मध्ये खराटा-पाइप. त्यानं पहिलं काम केलं ते काहीच न लावण्याचं. पूर्वेचा कोपरा भरायला मुरूम टाकू म्हणून आम्ही मागे लागलो होतो, त्यानं तो उलट अजून खणायला लावला. चार फुटांचा शोषखड्डा, खाली दगड, वर गिट्टी, मग वाळू. ३४ टिप्पर मलब्यातले दगड आम्ही आधी पैसे देऊन फेकले होते, ते आता पुन्हा विकत आणले. कडेनं कर्दळ लावली आणि मध्ये दोन अर्जुन, कारण अर्जुनाला पाण्यात पाय चालतात. दोन पावसाळे झाले, तिथं पाणी दुसऱ्या दिवशी दिसत नाही. कारंज्याची मोटर काढून विकली, हौदात वाळू भरली. तीन वर्षांखालची सगळी पोरं आता त्यातच असतात. ३८,००० रुपयांचा वाळूचा खड्डा महाग पडला, पण वापर म्हणाल तर बगिच्यात सर्वांत जास्त त्याचाच.

ट्रॅकचे पेव्हर उखडले. माती फूटभर काढली, मुरूम भरून दाबला आणि वर पेव्हर बसवलेच नाहीत. मुरमाचा ट्रॅक तसाच ठेवला. काकू परत आल्या. गुडघ्यांनाही तो बरा म्हणतात. पावसाळ्यात एक-दोन दिवस चिकचिक होते, तेवढी तक्रार.

लॉनची जागा त्यानं पाऊस पडल्यावर तशीच सोडली. आपोआप हरळी आली. आणि एका पट्ट्यात तरोटा, म्हणजे टाकळा. आमचे सेक्रेटरी तणनाशक घेऊन निघाले होते. माळी आडवा झाला. तरोटा दाट वाढला की गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही, हे कृषीवाली भाचीही सांगते. शिवाय पहिल्या पावसानंतर कोवळ्या तरोट्याची भाजी होते, हे नागपूरकराला काय सांगायचं? जुलैच्या पहिल्या आठवड्यात मागच्या वस्तीतल्या बाया आणि आमच्या लेआउटमधल्या बाया तिथं एकाच वेळी वाकलेल्या असतात. लसूण-मिरचीची फोडणी, वर थोडी भिजवलेली चण्याची डाळ. लॉनवर ४६,२०० घातले त्यातून मूठभर काही खायला मिळालं नव्हतं.

पायवाटेचं राहिलं. पश्चिमेला त्यांनी चेनलिंक जाळी मारली होती, बरोबर वाटेवर. आठ दिवसांत कोणीतरी ती खालून वाकवली. आम्ही बांधली. पुन्हा वाकली. असं पाच वेळा. सेक्रेटरींचं म्हणणं, बाहेरच्या लोकांसाठी आपण वर्गणी दिली का? हा वाद ग्रुपवर सहा महिने चालला आणि त्यात माझ्याकडून दोन माणसं दुखावली गेली, ती अजून नीट बोलत नाहीत. शेवटी मी मंजूर नकाशाची प्रत काढून ठेवली. त्यावर 'ओपन स्पेस' लिहिलंय, 'सभासदांसाठी' असं लिहिलेलं नाही. तिथं आता एक दिंडी दरवाजा आहे, दोन माणसं जाऊ शकतील एवढा, बिनकुलपाचा. मुख्य गेट सकाळी पाच ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते नऊच उघडं असतं, सेक्रेटरींच्या समाधानासाठी. त्या ४६,००० च्या गेटमधून सकाळ-संध्याकाळी पंचवीस-तीस माणसं येतात. फुकटच्या वाटेनं त्याहून जास्त. दुपारी त्या कडुनिंबाखाली कोण असतं ते एकदा पाहून या. डब्बा खाणारे गवंडी, गाडी स्टँडवर लावून पाय पसरलेली पार्सलवाली पोरं, दोन घरच्या कामांच्या मधल्या तासात टेकलेल्या बाया. ३१ नंबरवाल्यांचं वडिलांच्या नावाचं ग्रॅनाइटचं बाक आधी पश्चिमेकडे तोंड करून उन्हात होतं. मे महिन्यात त्यावर बसलं की माणूस ताडकन उठायचा. २०२४ च्या मे अखेरीस नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्यानं सेन्सरची चूक आहे म्हणून सांगितलं. त्या बाकावर तो आकडा खरा वाटला असता. ते उचलून कडुनिंबाखाली नेलं. नेल्यावर ३१ नंबरवाले मला म्हणाले, "बाबांना आता कोणीतरी टेकायला येते."

कोनोकार्पस आम्ही टप्प्याटप्प्यानं काढले, त्या जागी करंज आणि बहावा. बहावा अजून फुलला नाही. करंजानं बरं धरलंय. हजार लिटरची एक टाकी बसवली, प्लॉट ८ च्या बोअरवरून आठवड्यातून दोनदा भरतो, ठिबकच्या नळ्या झाडांपुरत्या. गेल्या वर्षीचा तान्हा पोळा इथंच झाला. लाकडी बैलांची रांग मुरमाच्या ट्रॅकवर, परीक्षक मी. एका पोरीनं बैलाच्या शिंगांना तरोट्याच्या शेंगा बांधल्या होत्या, पहिला नंबर तिला दिला. तिच्या आईनं मला विचारलं, काका, नातेवाईक आहे का तुमची? नाही.

आता कोणी अशी सेवा घेत असेल तर माझं म्हणणं एवढंच. साफसफाईचं काम त्यांना जरूर द्या, ते चांगलं करतात. पुढचं लगेच देऊ नका. मलबा निघाला की एक पावसाळा जागा तशीच पाहा. पाणी कुठं थांबतं, लोक कुठून जातात, ते चुन्यानं आखून ठेवा. मग कोटेशन मागवा, आणि आलं की त्यात आधी 'नळ' शोधा. 'मुरूम' शोधा. झाडांच्या यादीत एकही नाव ओळखीचं नसेल तर तुमच्या गल्लीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला ती यादी वाचून दाखवा. उद्घाटनाची तारीख मात्र एजन्सीला सांगू नका. आमचं सगळं त्या १ मेनं बिघडवलं.

अंतिम आणेवारी. एजन्सीला पाच आणे, त्यात अर्धा आणा वरच्या चौदा टिप्परांचे पैसे न मागण्याचा. बगिच्याला अकरा. कमी पडलेल्यांत रात्रीच्या दिव्यांचा एक आहे, दोन जळतात नि चार नुसते उभे. क्रिकेटचा एक, चेंडू अजून वाळूच्या हौदात येतो. संडासाची सोय नाही त्याचा एक, बायांना तो फार अडतो आणि त्यावर ग्रुपमध्ये कोणी बोलत नाही. उरलेले दोन प्लॉट १७ च्या रॅम्पखाली आहेत.

ते १७ नंबरवाले आता रोज संध्याकाळी येतात. बायपास झाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. ट्रॅकचे आठ फेरे घेतात, आणि प्रत्येक फेऱ्यात त्यांच्याच ओट्यापाशी ट्रॅक चिंचोळा होतो, तिथं त्यांना अंग चोरून जावं लागतं. मागच्या आठवड्यात माझ्याजवळ थांबले. म्हणाले, "काका, एकदा मोजून सांगा ना, नेमकं कुठपर्यंत तोडावं लागेल." म्हटलं, रविवारी टेप घेऊन येतो. ते म्हणाले, या रविवारी पाहुणे आहेत, पुढच्या रविवारी या.